गाव पाठीशी ठेवा: वाळवंटात अंधारं आकाश कसं शोधायचं

वाळवंटाच्या कडेच्या छोट्या गावात राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं, वेस ओलांडली की आकाश आपलंच. पण लहानशा गावाच्या डोक्यावरही उजेडाचा घुमट असतो, आणि हवेत धूळ असली की तो आणखी फुगतो. खरी अंधारी जागा हेरावी लागते.

आधी प्रकाश प्रदूषणाचा नकाशा उघडा. असे नकाशे नेटवर फुकट मिळतात आणि बहुतेक उपग्रहाच्या मोजमापांवरून बनतात. मात्र त्या उपग्रहाच्या सेन्सरला निळा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे पांढरे एलईडी दिवे लावलेलं गाव नकाशावर आहे त्यापेक्षा अंधारं दिसतं. नकाशावरून दोन-तीन जागा निवडा, निकाल डोळ्यांवर सोडा.

अंतर दुप्पट केलं की गावाचा आकाशातला उजेड साधारण पाचपटीने कमी होतो, त्यामुळे सुरुवातीचे दहा-वीस किलोमीटर फार मोलाचे. तरी मी अंतरापेक्षा दिशेला जास्त मानते. उत्तर गोलार्धातून आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा, धनू आणि वृश्चिकेकडचा, दक्षिणेला दिसतो. म्हणून गावाच्या दक्षिणेला जायचं, म्हणजे गाव पाठीशी राहतं. उत्तरेला तेवढंच लांब गेलात तर गावाचा घुमट नेमका धनूच्या खाली येऊन बसतो. मधे एखादी टेकडी असेल तर उत्तमच.

जागा दिवसाउजेडी पाहून या. गाडीतून उतरा, चालून बघा, टाच रोवून बघा. एकदा कोरड्या नदीपात्राची रेती टणक वाटली म्हणून मी संध्याकाळी गाडी आत घातली आणि ती सकाळपर्यंत रुतून राहिली. पात्रात तसंही थांबू नये. दूर डोंगरात पाऊस झाला तरी इथे लोंढा येतो. जमीन कोणाची आहे ते विचारा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, भरपूर पाणी आणि गरम कपडे घ्या, कुठे जाताय ते घरी सांगून निघा.

रात्र अमावास्येच्या आसपासची. वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या पुढे उगवतो, तोवरचा अंधारही चांगला. सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेल्याशिवाय आकाश पुरतं काळं होत नाही. त्याला बहुतेक ठिकाणी सव्वा ते दीड तास लागतो. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्या. फोनकडे एकदा पाहिलंत की तो अर्धा तास पहिल्यापासून मोजायचा. टॉर्च लाल, तोही मंद.

आता जागेची परीक्षा. माझी आवडती खूण ढगांची. गावाजवळ रात्रीचे ढग राखाडी, उजळ दिसतात. खऱ्या अंधारात ढग म्हणजे ताऱ्यांमध्ये पडलेलं काळं भोक. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी हातातली दुर्बीण खाली ठेवून नुसती बघत बसले होते.

एका चुकीपासून मात्र सांभाळा. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पश्चिमेला फिकट उजेड पाहून मी एक सुंदर जागा सोडून दिली. वाटलं, पलीकडे कुठलं तरी शहर आहे. ते राशीचक्रीय तेज होतं, ग्रहांच्या प्रतलातल्या धुळीवरून परतलेलं सूर्याचंच ऊन. शहराचा उजेड बसका, रुंद असतो आणि जागचा हलत नाही. हे तेज सुळक्यासारखं तिरकं वर चढतं आणि रात्र वाढली की मावळतं. ते दिसणं ही चांगल्या जागेचीच खूण.

जॉन बॉर्टल यांनी 2001 साली आकाशाच्या अंधाराची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. 1 सगळ्यात काळं, 9 शहराच्या मध्यावरचं. थंडीच्या सुरुवातीला देवयानीच्या शेजारी त्रिकोण तारकासमूहातली एम 33 दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी शोधा, नजर तिच्यावर न रोखता जरा बाजूला ठेवून. कापसाच्या बोंडाएवढा धूसर ठिपका सापडला तर तुम्ही पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर उभे आहात. नाही सापडला तरी जागेवर लगेच काट मारू नका. वाऱ्याने उडालेली धूळ खाली बसली की, किंवा पावसाच्या सरीनंतर, त्याच जागी पुन्हा एकदा जाऊन बघा.