निळूभाऊंचा स्मृतिदिन गावात कसा करावा

निळू फुले गेले ते 13 जुलै 2009 रोजी. त्यांचा स्मृतिदिन आम्ही आमच्या वाचनालयात गेली सहा वर्षं करतोय. वाचनालय 'क' वर्गाचं, पुस्तकं जेमतेम साडेपाच हजार, पगारी माणूस मी एकटीच. शेजारच्या दोन-तीन गावांतून विचारणा झाली, 'मॅडम, आम्हालाही करायचंय, तुम्ही कसं करता?' म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी ठरवा, मिमिक्री नको. पहिल्या वर्षी आम्ही तीच चूक केली. एका हौशी कलाकाराला बोलावलं. त्यांनी वाड्यावर बोलावण्याचा तो एकच संवाद तासभर वेगवेगळ्या सुरांत म्हटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, पहिल्या रांगेतल्या बायका पदर सावरत खाली बघत राहिल्या. घरी येताना मला फार वाईट वाटलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात जो माणूस घडला, त्याच्या नावाने आपण संध्याकाळभर बायकांची छेड ऐकवली.

माझी आजी जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघायची. पडद्यावर निळू फुले आले की कडाकडा बोटं मोडायची, 'मुडदा बशिवला मेल्याचा' म्हणायची. पडद्यावरचा माणूस तिला इतका खरा वाटायचा. पण तो कोण, कुठला, पडद्याबाहेर काय करतो, हे तिला कधी कुणी सांगितलंच नाही. स्मृतिदिनाचा कार्यक्रम मी आजीला डोळ्यांपुढे ठेवून आखते.

आमच्या कार्यक्रमाचा कणा म्हणजे दोन प्रसंग, एकापाठोपाठ एक. पहिला 'सामना'तला, दुसरा 'सिंहासन'मधला. दोन्ही चित्रपट डॉ. जब्बार पटेलांचे, पहिला 1975 चा, दुसरा 1979 चा, आणि दोन्हींत समोर डॉ. श्रीराम लागू. 'सामना'त निळूभाऊ साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आणि लागू म्हणजे दारूत बुडालेला मास्तर. 'सिंहासन'मध्ये पारडं उलटं. लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. ज्याच्या शब्दावर गाव हलतं तो, आणि ज्याच्या हातात नुसतं ऐकणं आहे तो, हे दोघे एकाच माणसाने केलेत. प्रसंग सुरू होण्याआधी प्रेक्षकांना एवढंच सांगा की समोरचा बोलत असताना निळूभाऊंचा चेहरा बघा. हिंदुराव ऐकतात तेव्हा मनात हिशेब चाललेला असतो. दिगू ऐकतो तेव्हा आतून काहीतरी ढासळत असतं. आवाज दोघांचाही चढत नाही. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी मला म्हणाली, 'हे दोघं एकच आहेत हे मला कळलंच नाही.' त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत जागी होते, इतका आनंद झाला.

प्रसंग निदान दहा मिनिटांचा घ्या. मोबाइलवर फिरतात ते अर्ध्या मिनिटाचे तुकडे लावू नका; त्यात वाक्य कळतं, माणूस कळत नाही. आणि यूट्यूबवर सापडलं म्हणून जाहीर कार्यक्रमात लावता येतं असं नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना दोन महिने आधी पत्र पाठवा, लेखी होकार फाइलला लावा.

आता पावसाचं. 13 जुलै म्हणजे ऐन पावसाळा, आणि बऱ्याच ठिकाणी पेरणीची घाई. आषाढी मागेपुढे आली तर अर्धं गाव वारीत असतं. अशा वर्षी आम्ही कार्यक्रम चार दिवस पुढे नेतो, तारखेचा हट्ट धरत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही पत्र्याच्या सभागृहात पडदा लावला. प्रसंग सुरू झाला आणि वरून पावसाने असा ताशा धरला की एक शब्द ऐकू येईना. निळूभाऊंची सगळी ताकद त्या दबक्या, खर्जातल्या आवाजात. तो गेला तर उरलं काय? म्हणून स्लॅबची खोली घ्या, लहान असली तरी चालेल. शाळेचे वर्ग मिळतात. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर ठेवा. डेकोरेशनवाले मोठे बॉक्स आणतात, त्यांत नुसती धडधड होते. त्यांना बेस कमी करायला सांगा. मागच्या सतरंजीवर स्वतः बसून ऐका. लाइट जाणार हे धरूनच चला, इन्व्हर्टर आदल्या दिवशी चालवून बघा.

फलकावर 'खलनायक' हा शब्द लिहू नका. आम्ही 'निळकंठ कृष्णाजी फुले' असं पूर्ण नाव आणि खाली 'निळूभाऊ' एवढंच लिहितो. फोटोला एक हार बास. नारळ, आरती ठेवत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या बाजूने ते आयुष्यभर उभे होते, तेवढा मान राखायलाच हवा.

निवेदन पंधरा मिनिटांत आटपा, पण रंगभूमी वगळू नका. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना नाव दिलं, मग 1968 साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा आला. 1972 सालचा त्यांचा 'सखाराम बाइंडर' सांगताना काही जण चाचरतात. चाचरू नका. विजय तेंडुलकरांच्या त्या नाटकावरून केवढं वादळ उठलं, प्रकरण कोर्टात गेलं, हे पुढच्या पिढीला सांगायलाच हवं.

त्यानंतरचा अर्धा तास गावच्या म्हाताऱ्या माणसांचा. यातलं सगळ्यात मोलाचं हेच. 'निळूभाऊंबद्दल दोन शब्द बोला' असं म्हटलं की माणूस भाषण करतो, आणि भाषणातून काही मिळत नाही. विचारायचं ते असं: सिनेमा कुठे बघितला? तंबू कुठल्या शेतात होता? बरोबर कोण होतं? घरी काय सांगून गेलात? पहिल्या दोन प्रश्नांतच चेहरा खुलतो. एका आज्जींनी सांगितलं, सिनेमा बघून परत येताना बैलगाडीतल्या सगळ्या बायका त्या पाटलाला शिव्या देत होत्या, आणि आपल्याच गावच्या एका वाड्यापाशी आल्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या. हे कुठल्या पुस्तकात मिळणार? मोबाइल टेबलावर टेकवून रेकॉर्ड करा, आधी विचारून. फायलीला नाव, गाव, तारीख घाला आणि दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आमच्याकडे अशा एकतीस जणांच्या आठवणी जमल्यात. त्यांतले नऊजण आता नाहीत.

पाहुण्यांना शाल-श्रीफळ देण्याचा खर्च आम्ही बंद केला. डॉ. लागू, निळूभाऊ आणि इतर कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे केले होते, पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. तोच धागा धरून आम्ही दारात एक डबा ठेवतो. जमेल ती रक्कम त्याच रात्री सगळ्यांसमोर मोजायची, फळ्यावर लिहायची आणि तालुक्यात काम करणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याच्या हातात द्यायची. गेल्या वर्षी 4,360 रुपये झाले. ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवणाऱ्या ताईंना दिले.

आणि एक रोप. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात निळूभाऊंनी माळीकाम केलं होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. रोप लावायला पुढाऱ्यांना बोलावू नका, गावातल्या माळीकाम करणाऱ्याला बोलवा. आमच्याकडे शाळेची बाग बघणारे काका येतात. ते आळं करतात, पोरांना मुळं कशी मोकळी करायची ते दाखवतात, आणि कुंपणाला काटे लावेपर्यंत कुणालाही हलू देत नाहीत. सहातली चार झाडं जगली आहेत. कडुनिंबाखाली आता दुपारी वर्तमानपत्र वाचणारे बसतात.