घर उतरवण्याआधी लाकडाची तयारी

कोकणातलं जुनं कौलारू घर दुरुस्तीला काढणार असाल किंवा उतरवून नव्याने बांधणार असाल, तर ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी एक अख्खा दिवस लाकडासाठी राखून ठेवा. सोबत जाणता सुतार, टेप, खडू आणि दाभण घ्या. आढं, तुळया, खांब, वासे, चौकटी, सगळं मोजून वहीत लिहा आणि प्रत्येकावर नंबर टाका. मग टोचून बघा, विशेषतः तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आणि खांबाचा तळ, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते. चांगल्या सागवानात दाभणाचं टोक जेमतेम रुततं. कुजलेल्या जागी ते ओल्या मातीत गेल्यासारखं आत जातं. वाळवीने खाल्लेलं लाकूड वरून धडधाकट दिसतं, पण मोगरीने ठोकलं की पोकळ वाजतं. मात्र टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई टाकून देऊ नका. फूटभर कापली की तीच लहान गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर कमी असेल तिथे, बसते, नाहीतर चौकटीला फाडता येते.

एवढा हट्ट का, ते एका तुळईच्या हिशेबात कळतं. १२ फूट लांब, ६ बाय ८ इंचाची तुळई म्हणजे ४ घनफूट. सुक्या सागवानाचं तेवढं वजन साधारण ७०-७५ किलो, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन. म्हणजे झाडाने हवेतून ओढलेला सुमारे १३५ किलो कार्बन डायऑक्साइड त्या एका तुळईत बसून आहे. ती चुलीत गेली की तो पुन्हा हवेत. शिवाय तिच्या जागी काँक्रीटचा बीम आला, तर सिमेंटसाठी चुनखडी भाजताना निघणारा वायू वेगळाच. भट्टीचं इंधन कितीही स्वच्छ केलं तरी तो चुनखडीतून निघतोच.

जुनं किती पुरतं ते ठरल्यावरच नव्याची यादी करा. सगळीकडे सागवान लागत नाही. वाशांना ऐन, किंजळ चालतं, आतल्या दारांना फणस उत्तम. सागाचं झाड कापायला येईपर्यंत ५०-६० वर्षं सहज जातात, म्हणून ते जिथे खरंच हवं तिथेच वापरा. झाड आपल्या जमिनीतलं असलं तरी तोडायला वन खात्याची परवानगी आणि हलवायला वाहतूक पास लागतो, तेव्हा अर्ज आधीच करा. वखारीतून घेत असाल तर पावती आणि पास मागा. कागद नसलेलं स्वस्त लाकूड कुठल्या जंगलातून आलं, हे कोणी सांगणार नाही. वन विकास महामंडळाच्या लिलावातला माल निदान कुठून आला ते कळतं. जिथे एक झाड तोडाल तिथे पावसाळ्यात चार रोपं लावा आणि पहिली दोन वर्षं गुरांपासून जपा.

लाकूड चिरून आणलं की सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात पट्ट्या घालून रचा आणि फळ्यांच्या टोकांना रंग लावा, म्हणजे टोकं फाटत नाहीत. निदान एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. ओलं लाकूड घाईने बसवलं की चौकट पिळते, दार घासतं, मग लोक वैतागून लोखंडी चौकट आणतात. हे मी फार घरांत पाहिलंय आणि दरवेळी जीव हळहळतो.

वाळवी-कीड लागू नये म्हणून लाकडाला बोरिक-बोरॅक्सचं पाणी किंवा काजूच्या टरफलाचं तेल बसवण्याआधी लावा, विशेषतः कापलेल्या टोकांना. खांब मातीत गाडू नका, तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, उभा करा. पागोळीचं पाणी भिंतीपासून लांब पडेल इतकं छप्पर पुढे काढा. आणि तुळईचं टोक चिऱ्यात शिरतं तिथे दोन्ही बाजूंना बोटभर फट सोडायला सांगा, हवा खेळली पाहिजे. गवंडी सवयीने ती सिमेंटने भरून टाकतो, म्हणून त्या दिवशी स्वतः साइटवर हजर राहा.