धनशक्ती बाजरी: पेरणीपासून भाकरीपर्यंत लोह कसं टिकवायचं

घरच्या जेवणातलं लोह वाढवायचं म्हणून सोलापूरच्या काळ्या रानातला रब्बीचा शाळू बदलू नका, तो आहे तसाच राहू द्या. परभणी शक्ती या जास्त लोहाच्या ज्वारीचं नाव कानावर आलं असेल, पण ती खरिपाची आहे. मालदांडी या रब्बी ज्वारीच्या जागी पेरू नका. बदल करायचा तो करमाळा-सांगोल्याकडच्या हलक्या-मध्यम रानातल्या बाजरीत.

त्यासाठी धनशक्ती हा जास्त लोहाचा वाण घ्या. 2012 मध्ये तो महाराष्ट्रासाठी आला. दाण्यात किलोला 71 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. संकरित नसल्यामुळे घरचं बी चालतं, आणि गरीब घरासाठी हीच मोठी गोष्ट आहे. मात्र बाजरीचे पराग वाऱ्यावर उडतात. शेजारी दुसरी बाजरी 200 मीटरच्या आत असेल तर त्या रानातलं बी धरू नका, लोहाचा गुण पातळ होत जातो.

एकरी दीड किलो बी पुरतं. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बी टाका. वर तरंगणारं अरगट या बुरशीच्या रोगाचं बी जाळून टाका, कोंबड्यांना घालू नका. तळाचं बी दोनदा स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत सुकवा. पेरणी 15 जून ते 15 जुलै, वाफसा पाहून; दोन ओळींत 45 सेंमी अंतर, खोली 2-3 सेंमी. खोल गेलेलं बी उगवत नाही.

माती परीक्षणात जस्त कमी निघालं तर एकरी 8 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. सुपर फॉस्फेटमध्ये मिसळलं तर दोन्ही एकमेकांत अडकतात. चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. अशा मातीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर ते लगेच बांधलं जातं. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा.

खरी गळती घरात होते. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, कारण बाजरीतल्या तेलामुळे ते लवकर कडू होतं. कोंडा चाळून टाकू नका. दाण्यातलं फायटेट लोह धरून ठेवतं. ते कमी करायला बाजरी रात्रभर भिजवा, दिवसभर फडक्यात बांधून मोड आणा, कडक वाळवून दळा. हे पीठ पोरांच्या खिरीला उत्तम. भाकरीबरोबर शेंगाचटणी असेलच, तिच्यावर लिंबू पिळा. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने.

बाई किंवा मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं असेल, तर आरोग्य केंद्राच्या लोहाच्या गोळ्या भाकरीच्या भरवशावर बंद करू नका.