बॅरल रेसिंगसाठी पहिला घोडा घेताना
बॅरल रेसिंग म्हणजे तीन पिंपांना वळसे घालत कमीत कमी वेळेत पूर्ण करायची घोड्यांची शर्यत. टेक्सास किंवा ओक्लाहोमाच्या मैदानांवर तीत नव्याने उतरणाऱ्या स्वाराने वेगाआधी घोड्याचा स्वभाव पाहावा. दहा-पंधरा वर्षांचा, बऱ्याच स्पर्धा पाहिलेला क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीचा घोडा स्वाराच्या चुका पोटात घालतो. कोवळा, तापट घोडा त्याच चुका वाढवतो. पाहायला जाल तेव्हा घोडा आधीच पळवून तयार ठेवलेला नसावा. तो शांत उभा असताना त्याच्या पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत तळहात फिरवावा, कारण सूज आणि ऊब हातालाच आधी कळते. तीन पिंपांभोवतीच्या वळणांचा मोठा भार मागच्या पायांवर येत असल्याने, सौदा पक्का करण्यापूर्वी आपल्याच पशुवैद्याकडून तेथील सांध्यांचे एक्स-रे काढून घ्यावेत; हा खर्च वाचवू नये, असे मी कळकळीने सांगेन.

सरावासाठी पहिल्या दोन पिंपांमध्ये 90 फूट आणि त्या प्रत्येकापासून तिसऱ्यापर्यंत 105 फूट अंतर आखावे, आणि कित्येक आठवडे केवळ चालीत व दुडकीत वळणे गिरवावीत. रोडिओत, म्हणजे गुराखी-कौशल्यांच्या अमेरिकी स्पर्धांत, पिंप पडल्यास वेळेत 5 सेकंद वाढतात. सुरुवात विभागवार, म्हणजे वेळेनुसार गट पाडणाऱ्या, स्पर्धांपासून करावी. तेथे सर्वांत वेगवान वेळेपेक्षा अर्ध्या सेकंदाने मागे असणाऱ्यांपासून दुसरा विभाग सुरू होतो आणि त्यालाही स्वतंत्र बक्षीस असते.