मैदानाच्या कडेला उभं राहून दुसऱ्यांच्या मुलांना बळ कसं द्यावं

सामन्याला निघताना आपल्या मुलाचे बूट, बाटली, टोपी आठवणीने घेतली जाते. संघातल्या बाकीच्या मुलांची नावं मात्र सीझन संपला तरी बऱ्याच पालकांना येत नाहीत. सुरुवात तिथूनच करा. कोचकडून नावं आणि जर्सीचे नंबर घेऊन मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ज्यांचे आईवडील सामन्याला येऊ शकत नाहीत, त्यांची नावं आधी पाठ करा.

कौतुक करताना नेमकं काय आवडलं ते सांगा. "मस्त खेळलीस" हवेत विरून जातं. "बॉल हातचा गेल्यावर लगेच मागे धावलीस, भारी!" हे लक्षात राहतं. बाकावर बसलेल्या मुलाला "तुला का नाही घेतलं?" असं अजिबात विचारू नका.

खरी कसोटी चूक झाल्यावर लागते. कॅच सुटला किंवा बॉल आपल्याच गोलमध्ये गेला की ते मूल पटकन कडेला बघतं. कपाळाला लावलेला हात, "अरेरे", शेजारच्याकडे बघून हलवलेली मान, सगळं त्याला दिसतं. अशा वेळी दोन टाळ्या वाजवा आणि "चल, पुढचा बॉल!" एवढंच म्हणा. कसं पकडायला हवं होतं ते सांगायचं काम कोचचं. कोच एक सांगतोय आणि तीन पालक तीन गोष्टी ओरडतायत, अशाने मूल गोंधळतं आणि पुढची चूक करतं.

समोरच्या संघातलीही मुलंच असतात. आपल्या गोलला टाळ्या वाजवा, त्यांच्या चुकीला नको. त्यांचं मूल पेनल्टी घेत असताना गलका करू नका. त्यांचा चांगला शॉट दिसला तर मोकळेपणाने दाद द्या.

कोणी पडलं तर आरडाओरडा थांबवा; पंच किंवा कोचने बोलावल्याशिवाय आत धावू नका. मूल उठलं की टाळ्या वाजवा, मग ते कुठल्याही संघाचं असो. डोक्याला मार लागला असेल तर "काही नाही झालं, ऊठ" म्हणणं धोक्याचं आहे. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नसतं, ते स्वतः "बरं वाटतंय" म्हणालं तरीही. चक्कर, उलटी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर लगेच कोचला सांगा आणि डॉक्टरकडे न्यायला लावा.

खाऊ वाटायचा असेल तर आधी पालकांना विचारा. शेंगदाणे, दूध, अंडी यांची काही मुलांना ॲलर्जी असते. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो टाकण्याआधी किंवा त्याला गाडीतून सोडण्याआधीही पालकांची परवानगी हवीच.

हरल्यावर रडणाऱ्या मुलाला "एवढं काय त्यात" म्हणू नका. पाणी द्या, थोडा वेळ शांत राहा. जवळ घ्यायचं काम त्याच्या माणसांवर सोडा. घरी जाताना आपल्या मुलासमोर कोणामुळे हरलो याची चर्चा नको. ती पुढच्या सरावाला जशीच्या तशी त्या मुलाच्या कानावर जाते.