उन्हाळी टोमॅटो: बी डिसेंबरात, फळधारणा मार्च संपायच्या आत

उन्हाळी टोमॅटोची तारीख ठरवताना लागवडीपासून पुढे मोजू नका. फळ कधी धरायला हवे ते आधी ठरवा आणि तिथून मागे या.

रात्रीचे तापमान 15 ते 20 अंश असले की सेटिंग, म्हणजे फुलाचे फळ धरणे, उत्तम होते. ते 13 च्या खाली गेले तर परागकण नीट तयार होत नाहीत. उलट दिवस 35 च्या वर आणि रात्र 22 च्या वर राहू लागली की फूल येते आणि देठातून गळून पडते. आपल्याकडे मराठवाड्यात जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांच्या असतात, परभणीकडे पारा काही वर्षी पाचच्याही खाली जातो. मार्च संपत आला की दिवस अडतीस-चाळीसकडे सरकतो. म्हणजे हाती उरतात फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासूनचे जेमतेम सहा आठवडे. पहिले तीन-चार झुपके याच काळात धरले पाहिजेत.

लागवडीनंतर फुलाला 25 ते 30 दिवस लागतात, थंडीत चार-पाच दिवस जास्तच. प्रोट्रेमधले (कप्प्यांच्या ट्रेमधले) रोप एरवी 21 ते 25 दिवसांत तयार होते, डिसेंबरच्या थंडीत त्याला 30 ते 35 दिवस लागतात. म्हणून बी 10 ते 25 डिसेंबरच्या दरम्यान ट्रेमध्ये पडावे आणि लागवड संक्रांतीपासून जानेवारी अखेरपर्यंत उरकावी. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, बी टाकायचे असा हिशेब काही जण धरतात, पण अमावस्येची तारीख दरवर्षी पुढेमागे होते. येळवस जानेवारीत आली तर उशीर झालाच म्हणून समजा. थंडी ओसरू द्या, मग टाकू, असे म्हणून 20 जानेवारीला टाकलेल्या बियाला फूल मार्चच्या मध्यावर येते आणि सेटिंगला दोनच आठवडे मिळतात. झाड हिरवेगार, फळ नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

एकरी हिशेब असा. 5 फूट बाय दीड फूट अंतराने सुमारे 5,800 रोपे बसतात. नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला दहा टक्के जास्त धरून 98 कप्प्यांचे 65 ते 70 ट्रे लागतात.

खरी कसोटी रोपवाटिकेची. बी उगवायला 25 ते 30 अंश हवेत, 15 अंशांवर तेच बी दोन आठवडे घेते. पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकने गुंडाळा आणि खोलीत किंवा गोठ्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. चौथ्या दिवसापासून रोज उघडून पाहा. कोंब दिसू लागताच ट्रे पसरा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबट, पांढरी होतात. पुढे 40 ते 50 मेशच्या जाळीत बांबूच्या कमानी करून संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यावर प्लॅस्टिक ओढा आणि सकाळी नऊला काढा. दुपारी ते तसेच राहिले तर आत रोपे भाजतात. किमान-कमाल तापमापक जाळीच्या आतच टांगा.

पाणी सकाळी दहानंतर, तेही ट्रेची कड उचलून बघून: जड लागली तर त्या दिवशी झारी लावू नका. थंडीत ट्रेमधले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन-दोन दिवस ओले राहते आणि रोपे जमिनीलगत पिचकून कोलमडतात. पेरणीआधी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळावी, पण जास्त पाण्यावर ती उतारा नव्हे.

पानाची खालची बाजू जांभळी दिसली की लोक खताचे पोते उघडतात. मुळाशी गारवा असल्याने रोपाला स्फुरद उचलता येत नाही. खत असतेच, उचल नसते. ऊब वाढली की नवे पान हिरवे येते.

लागवडीआधी आठवडाभर रात्रीचे आच्छादन काढून आणि पाणी कमी करून रोपे काटक करा. नर्सरीतून विकत घेतलेल्या रोपांना हे केलेले असेलच असे नाही, विचारून घ्या. चार-पाच पानांचे, 12 ते 15 सेंमीचे रोप चांगले.

काळी भारी जमीन ओली असली की गार राहते, म्हणून सपाट सरीत लागवड नको. फूटभर उंच गादीवाफा, ठिबक आणि 25 ते 30 मायक्रॉनचे मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिक कागद), चंदेरी बाजू वर. काळी बाजू वर केल्यास जानेवारीत माती थोडी उबदार राहील, पण एप्रिलमध्ये मुळे तापतील. शिवाय चंदेरी चमकेने पांढरी माशी बिचकते. संकरित वाणाला एकरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 60 किलो पालाश. माती परीक्षणाप्रमाणे फरक करा. लागवडीच्या तीन आठवडे आधी माशी अडवायला कडेने मक्याच्या दोन ओळी पेरा. पर्णगुच्छाला (पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या, पाने आकसणाऱ्या रोगाला) दाद न देणारा वाण हवा असेल तर अर्का रक्षक आहे.

पारा सातच्या खाली जाण्याचा अंदाज असेल तर पहाटे विहिरीचे पाणी ठिबकने सोडा, ते हवेपेक्षा उबदार असते. वारा वाहत असेल तर बांधावरच्या धुराचा उपयोग नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीचे पहिले फूल गळाले तर लगेच संजीवक फवारू नका. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान झाडे बांधलेल्या तारा हलवा, पराग झडतो. थंडीत उमललेल्या फुलाचे फळ वेडेवाकडे, चिरलेल्या बुडाचे निघते, ते लहानपणीच तोडा.

एप्रिलमध्ये झाडाला रोज अडीच-तीन लिटर, म्हणजे एकरी 15 ते 17 हजार लिटर पाणी लागते. बोअर मार्चमध्ये दम सोडत असेल तर क्षेत्र अर्ध्यावर आणा. पाण्याचा खाडा पडला की फळाचे बूड काळे पडते, मग कॅल्शियम कितीही फवारा. आणि उन्हाळ्यात फळ झाडावर पूर्ण पिकू देऊ नका. 30 अंशांच्या वर लाल रंग नीट भरत नाही, फळ पिवळट राहते. बुडाला तांबूस छटा दिसताच सकाळी तोडा आणि क्रेट सावलीत ठेवा, तिथे रंग चढतो.