वार्ताफलक रोज कसा चालवावा (आणि पेढे का परत करता येत नाहीत)

पंचवटीतल्या आमच्या हायस्कूलच्या व्हरांड्यात, मोठ्या बाईंच्या ऑफिससमोर, एक काळा फळा आहे. वर पांढऱ्या ऑइलपेंटने 'वार्ताफलक' लिहिलेलं. गेली एकोणीस वर्षं तो माझ्या गळ्यात आहे. मी मराठी शिकवते. सुरुवातीला खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी अर्धा फळा खेळाचाच असतो. तुमच्या शाळेत हे काम नुकतंच तुमच्याकडे आलं असेल, तर मी काय करते ते सांगते.

आधी पोरं निवडा. आठवीतली दोन, नववीतली दोन, आठवड्याला चौघं, पुढच्या सोमवारी दुसरी चौघं. दहावीची घेऊ नका, त्यांचे पालक फोन करतात. चांगलं अक्षर हवंच असं नाही, ते फळ्यावर लिहून लिहून सुधारतं. चौकस मूल मात्र हवं. मधल्या सुट्टीत शिपाईमामांशी गप्पा मारत उभं राहणारं एखादं पोर प्रत्येक वर्गात असतं. ते तुमचं.

बातम्या तीनच घ्यायच्या: एक शाळेची, एक नाशिकची, एक मैदानावरची. दिनविशेष आणि सुविचार परिपाठात होतातच, ते फळ्यावर पुन्हा कशाला? नाशिकच्या बातमीसाठी मुलं घरून 'गावकरी' किंवा 'देशदूत' वाचून येतात, पण जशीच्या तशी उतरवायला मी देत नाही. एका श्रावणात गोदेला पूर आला होता. एकाने धरणातून सोडलेल्या पाण्याचे क्युसेकचे आकडे आणले. मी म्हटलं, तू घाटावर राहतोस ना, तुला काय दिसलं? म्हणाला, "बाई, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय." गोदाघाटावरच्या या मूर्तीवरूनच नाशिककर पूर किती चढला ते ठरवतात. मग तेच लिहिलं. क्युसेक म्हणजे किती हे पाचवीतल्या पोराला कळत नाही, मारुतीची कंबर नाशकात कुणालाही कळते.

त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर 'उद्या सुट्टी' फिरत होतं. सुट्टीची बातमी मोठ्या बाईंची सही असलेली सूचना हातात आल्याशिवाय फळ्यावर जात नाही, मग पोरांनी कितीही गलका केला तरी.

आता खेळ. पावसाळा सरता सरता शालेय स्पर्धा सुरू होतात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट. मनपा स्तर, मग जिल्हा, विभाग, राज्य. आपला संघ यातल्या कुठल्या पायरीवर खेळला हे पहिल्या ओळीत आलंच पाहिजे. नुसतं 'आमच्या मुलींनी दणदणीत विजय मिळवला' असं लिहून आणलं की मी वही परत देते. किती गुणांनी? कोणत्या गटात? उपांत्य सामना की पहिलीच फेरी? असं विचारून विचारून एकीने शेवटी लिहिलं ते असं:

'१७ वर्षांखालील मुली, खो-खो, मनपा स्तर, उपांत्य सामना. आपला संघ १४-११ असा ३ गुणांनी विजयी. दुसऱ्या डावात कर्णधार २ मिनिटे ५० सेकंद पळाली आणि आक्रमणात तिने ४ गडी टिपले.'

बस. 'दणदणीत' कुठे नाही, तरी ही बातमी वाचायला व्हरांड्यात गर्दी झाली. 'एक डाव राखून' आणि 'मिनिटे राखून' यांतला फरक आधी क्रीडाशिक्षकांकडून समजून घ्या, मुलं हमखास गोंधळ घालतात. कबड्डीत सातही गडी बाद झाले की वर दोन गुण मिळतात, त्याला लोण म्हणतात. 'लोन' लिहू देऊ नका, ते बँकेचं.

निकाल तोंडी घेऊ नका. सामना संपल्यावर गुणलेखकाच्या तक्त्याचा फोटो सरांकडून मागवा. मध्यंतराच्या आघाडीवर विसंबून मी एकदा 'विजयी' लिहून ठेवलं होतं. सामना एका गुणाने गेला, आणि संघ परत आला तेव्हा समोर माझं अक्षर!

त्याहून वाईट झालं ते नावाचं. आठवी अ आणि आठवी ब, दोन्हीकडे एकच नाव, एकच आडनाव. लांब उडीत जिल्ह्याला निवड झाली ती ब मधली. मी तुकडी लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी अ मधल्या मुलीचे वडील पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्टाफरूमच्या दारात. तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं, त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं होतं. बॉक्स फुटला होता, चार पेढे संपले होते. काय बोलायचं सांगा. तेव्हापासून नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी, सगळं हजेरीपटावरून.

हरलो तरी लिहायचं, आकड्यांसह. तिसरा, आठवा, जो नंबर आला असेल तो. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, म्हणजे तिसरीच आली ना? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला तेरावा आला. 'सहभाग घेतला' एवढंच लिहिलं असतं तर तो कुठवर पोचला हे कुणाला कळलं असतं? मुलांना मी हे दोन आकडे पाठच करायला लावते.

फळ्याचं तंत्र थोडक्यात. दोरीला खडू घासायचा, दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची. टप्पकन सरळ रेघ उमटते. पट्टीने एवढी लांब रेघ कधी सरळ येत नाही. मथळ्याचे रंगीत खडू साखरेच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून घ्या, अक्षर ठसठशीत उठतं आणि येताजाता दप्तर घासलं तरी पुसलं जात नाही. पिवळा आणि पांढरा लांबून दिसतात. निळा आणू नका.

साखरेचं अक्षर कोरड्या डस्टरने जात नाही, त्यामुळे शिपाईमामा माझ्यावर कायम वैतागलेले. पुसायच्या आधी फळ्याचा फोटो काढून तारखेनिशी वहीत नोंद करते. खेळाडूंना दहावीच्या निकालात मिळणाऱ्या क्रीडागुणांच्या प्रस्तावाच्या वेळी 'बाई, आम्ही कुठल्या तारखेला खेळलो होतो?' म्हणत दहावीची पोरं येतातच. मामा सकाळी सव्वासहालाच ओला फडका घेऊन फळ्यापाशी उभे असतात. त्यांच्या आधी पोचायला जमवा.